हॉट व्हील्स विकायला काढताय? फोटोतल्या या चुका टाळा

हॉट व्हील्सच्या छोट्या खेळण्यातल्या गाड्यांच्या विक्रीच्या ग्रुपवर रोज तेच दिसतं. पलंगाच्या फुलाफुलांच्या चादरीवर गाडी, डोक्यावर ट्यूबलाइट आणि खाली ‘कंडिशन मिंट’, म्हणजे अगदी नवीकोरी. घेणाऱ्याच्या हातात गाडी नसते, तो फोटोवर विश्वास ठेवून पैसे पाठवतो. गाडी हातात घेऊन जे जे तपासलं असतं, ते सगळं त्याला फोटोत दिसलं पाहिजे.

ब्लिस्टरवर फ्लॅश मारणं

सगळ्यात जास्त भांडणं या चुकीतून होतात. ब्लिस्टर म्हणजे पुठ्ठ्याच्या कार्डावर गाडी झाकणारं पारदर्शक प्लास्टिक. ते वळणदार आणि चकचकीत असतं. फ्लॅश मारला की मधोमध पांढरा ठिपका येतो, छताचा दिवा चालू असला की लांब पांढरी पट्टी. आणि त्या पट्टीखाली काय आहे ते कुणालाच दिसत नाही, विकणाऱ्यालासुद्धा. एका सुपर ट्रेझर हंटच्या (हॉट व्हील्सच्या दुर्मिळ आवृत्तीच्या) सौद्यात हेच झालं. फोटोत ब्लिस्टरच्या खालच्या कडेला ट्यूबलाइटची पट्टी होती. पार्सल उघडलं तर नेमकी तिथेच केसाएवढी चीर. विकणारा म्हणे कुरियरमध्ये तडकली, घेणारा म्हणे आधीपासूनच होती. दोघांनाही आपलंच खरं वाटत असेल, पण फोटोवरून काहीच ठरेना. शेवटी पैसे परत करावे लागले, आणि त्या विकणाऱ्याच्या पुढच्या प्रत्येक पोस्टखाली ‘ब्लिस्टरचा क्लोजअप टाका’ अशी मागणी येऊ लागली.

उपाय स्वस्त आहे. खोलीतले सगळे दिवे बंद करा. कार्ड खिडकीशेजारी असं उभं करा की उजेड एका बाजूने येईल. थेट ऊन नको. काळ्या कार्डशीटला लेन्सपुरतं भोक पाडून ते फोनपुढे धरा, म्हणजे तुमचा शर्ट आणि समोरची भिंत प्लास्टिकमध्ये उमटणार नाही. तरीही पट्टी राहिली तर कार्ड 10-15 अंश फिरवा. कार्डेड, म्हणजे न उघडलेल्या पॅकमधल्या गाडीचे समोरून दोन फोटो हवेतच, एक डावीकडे कललेला, एक उजवीकडे. एकात चमकेखाली गेलेली जागा दुसऱ्यात उघडी पडते. सीपीएल फिल्टर (लेन्सवर लावायची चमक कमी करणारी काच) असेल तर प्लास्टिकवरची चमक बरीच कमी होते, पण क्रोमच्या चाकांवर त्याचा उपयोग नाही. धातूवरच्या प्रतिबिंबाला काळा कागदच लागतो.

दोन प्रकारचा उजेड मिसळणं

एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला पिवळा एलईडी. अशा वेळी फोनचा व्हाइट बॅलन्स एकालाच सांभाळतो आणि गाडीची अर्धी बाजू निळसर, अर्धी पिवळट येते. साध्या रंगाच्या गाडीत हे एकवेळ खपेल. सुपर ट्रेझर हंटवरचा स्पेक्ट्राफ्लेम रंग मात्र चकचकीत थरावर दिलेला पारदर्शक रंग असतो. उजेड आत जाऊन परत येतो, त्यामुळे चुकीच्या उजेडात जांभळी गाडी सरळ निळी दिसते. मग घेणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि त्याचं चुकत नाही. एकच उजेड ठेवा. नंतर ॲपमध्ये रंग दुरुस्त करू म्हणणाऱ्यांनी हा नाद सोडावा. एक रंग जागेवर आणताना दुसरा बिघडतो.

फोन गाडीला चिकटवणं

1:64 ची (खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या भागाएवढी) गाडी जेमतेम 7 सेंटिमीटर लांब असते. 8-10 सेंटिमीटरवरून फोटो काढला की बॉनेट फुगतं, मागचं चाक बारीक होतं. त्यातच बरेच फोन आपोआप अल्ट्रावाइड मॅक्रोवर (अगदी जवळून फोटो काढायच्या मोडवर) जातात आणि कडा धूसर होतात. मॅक्रो बंद करा, 40-50 सेंटिमीटर मागे सरका, 2एक्स किंवा 3एक्सची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. नसेल तर तेवढ्याच अंतरावरून काढून नंतर कापा. फोन पुस्तकांच्या थप्पीवर टेकवून 2 सेकंदांचा टायमर लावा.

पोर्ट्रेट मोड नको. तो आरसे आणि स्पॉयलरच्या कडा खातो.

पांढऱ्या कार्डशीटवर गाडी काळवंडते, कारण पांढरं जास्त दिसलं की फोन फोटो अंधारा करतो. गाडीवर बोट दाबून फोकस लॉक करा आणि स्क्रीनवरची उजेडाची पट्टी थोडी वर सरकवा. कार्डशीट घडी न घालता मागे वळवून भिंतीला चिकटवा.

तळाचा फोटो विसरू नका. उजेड अगदी बाजूने, तिरका आला की उठावाची अक्षरं सावलीमुळे वाचता येतात. तिथलं साल कास्टिंगच्या, म्हणजे गाडीच्या साच्याच्या, कॉपीराइटचं असतं, गाडी त्याच वर्षी बनली असं ठरत नाही. ते वाचून वर्णनात ‘अमुक सालची गाडी’ असं ठोकून देऊ नका.

धूळ ब्लोअरने उडवा, मग मऊ मेकअप ब्रश. स्पिरिट लावू नका, टॅम्पोची छपाई (गाडीवरची नक्षी आणि अक्षरं) उतरते.

उडालेला रंग, वाकलेला ॲक्सल, कार्डाचा सॉफ्ट कॉर्नर (दबलेला कोपरा) या प्रत्येकाचा वेगळा फोटो टाका, आकार कळावा म्हणून शेजारी टूथपिक धरून. दोष दाखवले की भाव पडतो असं नवख्यांना वाटतं. भाव ठरल्यावर निघालेला दोष त्याहून महाग पडतो.

एका फोटोत तुमचं नाव आणि त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी गाडीशेजारी ठेवा, म्हणजे गाडी तुमच्याच हातात आहे हे कळतं. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आकार कमी होताना बारीक ओरखडे पुसट होतात.