गावाच्या प्रश्नावर व्हिडिओ बनवताय? या चुका टाळा

कोलामांच्या पोडावरच्या, आदिवासी टोल्यावरच्या, बौद्ध वस्तीतल्या पोरापोरींच्या हातात आता मोबाईल आलाय आणि कोळशाची धूळ, थर्मल वीज केंद्राची राख, फवारणीतली विषबाधा, वाघाच्या भीतीत वेचलेला मोह हे सगळं ते स्वतःच शूट करायला लागलेत. हे व्हायलाच पाहिजे होतं. बाबासाहेबांना ३१ जानेवारी १९२० ला मूकनायक काढावा लागला, कारण बाकीच्या पेपरांत आपल्या लोकांच्या प्रश्नाला जागा नव्हती. आज जागा आपली आहे, पण मेहनतीनं बनवलेले व्हिडिओ वाया जातात, कधी तर ज्याच्यासाठी बनवले त्यालाच भारी पडतात.

सगळ्यात मोठी चूक परवानगीची. "मावशी, व्हिडिओ घेऊ का?" "घे ना बापू." झालं, पोट्टे शूटिंग सुरू करतात. ही परवानगी नाही राजेहो. मावशीला वाटतं तुझ्या मोबाईलमध्ये राहील. तिला नीट सांगा की हे यूट्यूबवर जाणार, सरपंच पाहणार, ठेकेदार पाहणार, तुझी पोरगी जिथं दिली तिथले लोकही पाहणार, चालते का? मग बऱ्याच जणी म्हणतात, "मंग माहं तोंड नको दाखवू." तेव्हा तोंड मुळात शूटच करू नका, पाठीमागून घ्या, हात घ्या, कारण नंतर ब्लर केलं तरी मूळ फाईलमध्ये चेहरा राहतोच आणि मोबाईल कोणाच्याही हाती जाऊ शकतो. तुम्ही शूट करून चंद्रपूरला कॉलेजला निघून जाल, तिला मात्र उद्या सकाळी त्याच ठेकेदाराकडे कामाला जायचंय. नंतर ती म्हणाली काढून टाक, तर वाद न घालता काढायचं.

जीपीएस मॅप कॅमेरा हे ॲप सगळेच वापरतात, नाल्यात सोडलेलं काळं पाणी दाखवायला तो चांगलाच आहे, तारीख-ठिकाण तिथंच छापून येतं. पण बोलणाऱ्या माणसाच्या घरासमोर तो बंद ठेवा. आणि लहान लेकरावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर नाव, चेहरा, शाळा, घर, ओळख पटेल असं काहीच दाखवायचं नाही, पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार तो गुन्हा आहे, तुमचा हेतू कितीही चांगला असो.

दुसरी चूक म्हणजे फक्त रडणं दाखवणं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या वर माणसं गेली, तेव्हा बाहेरून आलेले कॅमेरे घराघरात बायांच्या डोळ्यातलं पाणी शोधत होते. तुम्ही तिथलेच आहात, तुम्हाला त्याच्या पुढचं माहीत आहे. डब्यावरचं लेबल दाखवा, कोणती दोन औषधं एकत्र केली ते विचारा, मजुराला मास्क-हातमोजे कोणी द्यायला पाहिजे होते, दिले का, मजुरी किती, दवाखाना किती लांब. "कसं वाटते?" असं विचारू नका, "काय झालं पाहिजे?" विचारा, माणूस एकदम वेगळं बोलायला लागतो.

अन् भाषा बदलायला लावू नका. गोंडी, कोलामी, झाडीबोली, वऱ्हाडी जे येते त्यात बोलू द्या, खाली मराठी सबटायटल टाका. पुस्तकी मराठीत बोलायला लावलं की आजोबा दोन वाक्यात संपवतात.

आता व्ह्यूजचं. व्हिडिओ कोणी पाहायला पाहिजे ते शूटिंगच्या आधी ठरवा. तहसीलदार, वनविभाग, प्रदूषण मंडळ, की आपलीच ग्रामसभा? आणि त्याच्यासोबत कागद पाहिजेच. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर गावाचा हक्क, मिळाला तो ग्रामसभेच्या वर्षानुवर्षांच्या कामातून आणि कागदपत्रातून. वनहक्काच्या दाव्यात म्हाताऱ्या माणसांचं म्हणणं पुरावा म्हणून चालतं, पण ते लेखी लागतं. म्हणजे आजोबांनी जुनी हद्द, देवराई, गुरं चारायची वाट दाखवली तर शूट तर कराच, पण त्याच दिवशी लिहून घेऊन सही किंवा अंगठाही घ्या. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयात होतो, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही लागत नाही, साधारणपणे ३० दिवसात उत्तर द्यावं लागतं, ते उत्तर व्हिडिओत दाखवलं की कोणी उगाच आरोप केला म्हणू शकत नाही.

खाणीची किंवा कारखान्याची पर्यावरण जनसुनावणी असेल तर तिथं पोरं भाषणं शूट करतात आणि गर्दी पांगली की कॅमेरा बंद करतात. खरं काम शेवटीच असतं. केंद्र सरकारच्या २००६ च्या पर्यावरण मंजुरीच्या अधिसूचनेप्रमाणे कामकाजाचा सारांश सगळ्यांसमोर आपल्या भाषेत वाचून दाखवावा लागतो, सगळ्या सुनावणीचं सरकारी व्हिडिओ शूटिंगही करावं लागतं. ते वाचन पूर्ण रेकॉर्ड करा, आपल्या माणसाचा मुद्दा गाळला असेल तर तिथंच माईकवर उठून सांगा.

ज्याचं शूट केलं त्यानंच काढ म्हटलं नसेल तर मूळ फाईल कधीच डिलीट करू नका, कट केलेला व्हिडिओ वेगळा ठेवा. प्रकरण कोर्टात गेलं तर मूळ फाईल आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं. व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की क्वालिटी जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

टेक्निकल अडचणी बहुतेक छोट्याच असतात. आवाज नीट येत नसेल तर इअरफोनचा माईक कॉलरला लावा, वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा. चेहरा काळा येतो म्हणजे मागं उजेड आहे, माणूस फिरवा. मधातच कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटतं, म्हणून फ्लाईट मोड लावा. मे महिन्यात दुपारी मोबाईल तापून बंद पडतो, सकाळीच उरकून घ्या. सिनेमाचं गाणं टाकलं की कॉपीराईट क्लेम येऊ शकतो, त्यापेक्षा बायांना विचारून त्यांचीच गाणी रेकॉर्ड करा.

आणि अपलोड करायच्या आधी गावात दाखवा. समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरी चादर लावली, कोणाकडून प्रोजेक्टर मागून आणला तरी होते. कोण काय म्हणते ते लिहून घ्या, चुकलेलं नाव, चुकलेली तारीख तिथंच सापडते, मग दुरुस्त करून टाका. फक्त तेंदूपत्त्याच्या हंगामात सकाळी ठेवू नका, सगळे जंगलात असतात, रात्री जेवणं झाल्यावर ठेवा.