भट्टीवरचं पोर शाळेत बसवायचं तर

दिवाळी उरकली की पनवेल, कल्याण, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर टेम्पो यायला लागतात. कर्जत, खालापूर, सुधागडच्या वाड्यांवरची कातकरी कुटुंबं असतात, सोबत भांडीकुंडी, एखादी कोंबडी आणि पोरं. पनवेल तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मी २१ वर्षं शिकवलं. शाळेमागे आधी भातखाचरं होती, मग भट्टी आली, आता टॉवर. त्याच टॉवरमधली एक ताई परवा म्हणाली, "बाई, समोरच्या झोपड्यांतली मुलं दिवसभर हिंडतात. त्यांना शाळेत घालायचं तर काय करायचं?" तिला सांगितलं तेच लिहिते.

आधी जायची वेळ सांभाळा. विटा पाडायचं काम पहाटे अंधारातच सुरू होतं, दुपारी माणसं आडवी होतात. चार-पाचच्या सुमारास जा. खर्चीच्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी आठवड्याचे पैसे हातात पडतात आणि सगळे बाजारात असतात. गेल्या गेल्या "मुलांना शाळेत का पाठवत नाही?" असं विचारलंत तर संपलं. त्या माणसाने पावसाळ्यातच बयाणा, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, उचललेला असतो, तो फिटेपर्यंत अख्खं घर गाऱ्यात. त्यापेक्षा विचारा, "तान्हं कोण सांभाळतं?" आठ वर्षांची पोरगी पुढे येईल. शाळेत यायचं अडतं ते तिचंच.

तान्ह्याची सोय झाल्याशिवाय ती येणार नाही. तीन वर्षांच्या पुढचं असेल तर अंगणवाडीत नेऊन बसवा. त्याहून लहान असेल तर वर्गाच्या बाईंना सांगा, बाळासकट येऊ दे. माझ्या तिसरीच्या वर्गात एक हिवाळाभर खिडकीच्या गजाला साडीची झोळी होती. बाळ रडलं की पाढे थांबायचे, जवळचा कुणीतरी झोका द्यायचा, पाढे पुढे सुरू. साहेब तपासणीला आले तेव्हा तेवढी सोडून ठेवली होती, हेही सांगते.

आता प्रवेश. "वर्ष निम्मं झालं, दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही, जूनमध्ये या" असं ऐकवलं जाईल. शांतपणे सांगा की २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात हे चालत नाही. कलम १४ म्हणतं, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम १५ म्हणतं, उशिरा आलेल्यालाही घ्यायचं. कलम ५ प्रमाणे जुन्या शाळेचा दाखला यायला वेळ लागला तरी प्रवेश अडवायचा नाही. आणि कलम ४ नुसार वय पाहून वर्ग द्यायचा, मागचं विशेष प्रशिक्षणाने भरून काढायचं. दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवलंत तर तो आठवड्यात भट्टीवर परत जाईल, आणि त्याचं बरोबरच असेल. वाडीच्या शाळेने शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या मुलासोबत द्यायचं कार्ड, दिलं असेल तर तो कितवीत होता ते त्यावर कळतं. बहुतेकदा ते पत्र्याच्या पेटीत राहिलेलं असतं.

शिक्षक टाळाटाळ का करतात तेही समजून घ्या. शिक्षकांची पदं ठरतात ३० सप्टेंबरच्या पटावर. दिवाळीनंतर आलेलं पोर आमच्या गणतीत नाही, आणि वाडीवरचा गुरुजी त्याचं नाव कमी करायला तयार नाही, कारण त्याचाही पट घसरतो. भांडू नका. त्या गुरुजींना मुख्याध्यापकांकडून फोन लावून द्या. निम्मी कामं फोनवर होतात.

रजिस्टरमध्ये नाव लिहिताना मात्र डोळ्यांत तेल घाला. इथे चूक माझीच झालेली आहे. एक मुलगा आला, नाव मंगळ्या, मंगळवारचा जन्म. मला वाटलं, चांगलं नाव द्यावं, वर्गात कुणी हसू नये. मी "मंगेश" लिहिलं. वडील हिलम, पण मुकादमाने "जाधव" सांगितलं, तेच लिहिलं. जन्मतारीख १ जून, आमच्याकडे निम्मा वर्ग १ जूनलाच जन्मलेला असतो. सात वर्षांनी तो जातीच्या दाखल्यासाठी आला. आधारवर मंगळ्या हिलम, शाळेत मंगेश जाधव. प्रतिज्ञापत्र, राजपत्र, तहसीलच्या खेपा, आणि प्रत्येक खेपेला बापाची एक दिवसाची मजुरी बुडालेली. मी "सुधारलेलं" नाव त्याला चांगलंच महाग पडलं.

म्हणून आई हाक मारते तेच नाव लिहा, आडनाव घरच्यांना विचारा. जमातीच्या रकान्यात नुसतं "आदिवासी" लिहू देऊ नका, "कातकरी" लिहायला लावा. अनुसूचित जमातींच्या यादीत जमातीचं नाव असतं, आदिवासी नावाची जमात नाही. जातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५०च्या आधीपासूनच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आजोबा शाळेत गेलेलेच नसतात, तेव्हा मूळ गावच्या कोतवाल बुकात जन्ममृत्यूची नोंद शोधायची. हे काम दहावीला नको, चौथीतच सुरू करा.

वर्गात बसवणं ही वेगळी गोष्ट. पहिल्या दिवशी एकट्या पोराला आणू नका, भट्टीवरची दोन-तीन एकदम आणा. "कातोडी" ही शिवी म्हणून ऐकू आली तर तिथल्या तिथे थांबवा. उवांची तक्रार घेऊन पालक येतील. मी सगळ्या वर्गाची डोकी तपासली होती, उवा टॉवरमधल्या मुलींच्या डोक्यातही निघाल्या. आणि बोलू द्या. करांद्यांचे कंद कसे उकरतात, मुठे म्हणजे खेकडे कुठल्या दगडाखाली सापडतात, हे मंगळ्या फळ्याजवळ उभा राहून सांगायला लागला, तेव्हा त्याला पहिल्यांदा पूर्ण वाक्यात मराठी बोलताना ऐकलं.

मेअखेरीस भट्टी बंद होते. त्याआधी निकाल आणि हमी कार्ड आईच्या हातात द्या, पोराच्या दप्तरात नको. टॉवरना आता सिमेंटचे ब्लॉक लागतात, भट्ट्या कमी झाल्यात. पुढच्या वर्षी तेच कुटुंब कुठल्या नाक्यावर, कुठल्या साइटवर असेल याचा नेम नाही. मुकादमाचा नंबर घेऊन ठेवा. आईबापांचे नंबर दर दोन महिन्यांनी बदलतात, त्याचा बदलत नाही.