बुर्गहाउझनच्या किल्ल्यावरच्या मध्ययुगीन फेस्टला जाताय? आधी या चुका टाळा

पहिली चूक घरीच होते, चुकीचं फेस्ट निवडायची. जुलै आला की जर्मनीच्या बायर्न (बव्हेरिया) राज्यात जिकडेतिकडे मध्ययुगीन मेळे सुरू होतात आणि म्युनिकमधल्या आपल्या लोकांना वाटतं सगळे सारखेच, जे जवळ ते बरं. तसं नाहीये. घोड्यावरून भाले घेऊन एकमेकांवर तुटून पडणारे सरदार बघायचेत, मोठं अरीना, स्टंट, आतषबाजी हवीये, तर काल्टेनबेर्गला जा, एस-बानने (म्युनिकच्या लोकल ट्रेनने) गेल्टेनडोर्फपर्यंत जाता येतं आणि तिथून ते जवळच आहे. जुन्या राजेशाही लग्नाची मिरवणूक बघायची असेल तर लांड्सहूट, पण ते दर चार वर्षांनी होतं, मागचं 2023 ला झालं, पुढचं 2027 ला, आणि त्यात भाग घेणारे गावकरी त्यासाठी महिनोन्‌महिने केस वाढवतात इतकं सिरीयस प्रकरण आहे ते. पण खऱ्या जुन्या किल्ल्यात दिवसभर भटकायचंय, तंबू बघायचेत, लोहाराशी गप्पा मारायच्यात, तर बुर्गहाउझन. मी तरी पहिल्यांदा जाणाऱ्याला हेच सांगेन.

आता हा किल्ला 1051 मीटर लांब आहे, जगातला सगळ्यात लांब किल्ला म्हणून गिनीजमध्ये नोंद आहे त्याची. खाली एका बाजूला साल्झाख नदी, नदीपलीकडे ऑस्ट्रिया, दुसऱ्या बाजूला व्यॉरझे नावाचा तलाव, आणि मधल्या अरुंद सोंडेवर हा किल्ला लांबच लांब पसरलाय. जुन्या वाड्याला एकामागून एक चौक असतात तसे इथे आतला एक मुख्य चौक आणि त्याच्या बाहेर पाच, मध्ये दारं, खंदक, पूल. आणि सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच. किल्ल्याबाहेरच्या कुराप्लाट्स नावाच्या जागेकडून आत शिरतात, पहिल्याच चौकात स्टॉल दिसतात, तिथेच तासभर, मग पुढच्या चौकात अजून स्टॉल, मग जेवण, आणि मुख्य किल्ल्यापाशी पोचेपर्यंत चार वाजलेले, पाय गेलेले, पोरं रडतायत आणि आतलं म्युझियम बंद व्हायची वेळ झालेली. उलटं करा. सकाळी आल्याआल्या कुठेही न थांबता सरळ टोकापर्यंत जा, मुख्य किल्ल्याच्या गच्चीवरून खालचं गाव आणि नदी बघून घ्या, गर्दी नसते तेव्हा, आणि मग एकेक चौक करत निवांत मागे या. दारं अरुंद आहेत, दुपारी तिथे दोन्हीकडून माणसं येतात आणि ढोलवाले मध्ये अडकले की दहा मिनिटं कोणीच हलत नाही. सकाळी या दारांतून सटकन निघता येतं. म्युझियमची वेळ आणि फेस्टच्या दिवसांत ते उघडं आहे का हे मात्र आदल्या दिवशी बघून ठेवा.

आणि जाताना एवढं तरी माहीत असू द्या की लांड्सहूटला ज्या लग्नाचा सोहळा करतात ते 1475 चं लग्न, पोलंडची राजकन्या हेडविग आणि श्रीमंत म्हणून ओळखला जाणारा ड्यूक गेओर्ग, त्यातली नवरी लग्नानंतर राहिली या बुर्गहाउझनलाच. 1502 मध्ये गेली ती इथेच. नवऱ्याने तिला इथे कोंडून ठेवलं होतं अशी गोष्ट लोक चवीने सांगतात, पण हे ड्यूक लोकांचं दुसरं निवासस्थानच होतं, त्यांच्या राण्या इथे राहायच्याच. मुलगा मागे राहिला नाही आणि दुसऱ्याच वर्षी गेओर्गही वारला, मग 1504 ला वारसाहक्कावरून युद्ध पेटलं. किल्ल्याला आज दिसतो तो अवाढव्य आकार मुख्यतः याच गेओर्गच्या काळात आला, तुर्कांची भीती होती म्हणून. हे डोक्यात असलं की भिंतींची जाडी बघताना जरा वेगळी मजा येते, नाहीतर नुसतेच दगड.

बूट. सगळीकडे गोटे बसवलेले रस्ते आहेत. हिलवाल्या सँडल, नवे कोरे कोल्हापुरी, लहान चाकांची बाबागाडी, यातलं काहीही नको. बाळ असेल तर पोटाशी बांधायची झोळी बरी. आई-बाबा पुण्याहून आले असतील तर त्यांना खालच्या जुन्या गावातून वर चढवत आणू नका, फोटो छान येतात पण चढ खडा आहे, कुराप्लाट्सकडून सपाट वाट आहे. स्टेशन नव्या गावात आहे, किल्ल्यापासून लांब, तेव्हा बस कुठून मिळते ते आधी बघा.

पैशांचा गोंधळ दरवेळी होतो. स्टॉलवाला म्हणतो "ड्राय टालर" (तीन टालर, म्हणजे जुनी नाणी) आणि आपला माणूस करन्सी एक्स्चेंज शोधत फिरतो! अहो युरोच आहेत ते, जुन्या काळचं नाटक चाललंय. पण कॅश मात्र हवीच, पाच-दहाच्या नोटा आणि सुटे. किल्ल्यावर एटीएम शोधत बसायची वेळ येऊ देऊ नका. पेय मातीच्या मगात मिळतं आणि त्यावर डिपॉझिट घेतात, कधी सोबत छोटं टोकन देतात, ते हरवलं की नुसता मग परत घेत नाहीत, आणि ज्या स्टॉलचा मग त्याच स्टॉलला परत द्यायचा. मेट म्हणजे मधाची वाइन, गोड लागते म्हणून सरबतासारखी पिऊ नका, वाइनइतकीच चढते आणि जुलैच्या उन्हात लवकर चढते.

खाण्याचा विषय जरा सविस्तर लिहितो कारण व्हेज लोकांची इथे खरी फसगत होते. मांस दिसत नाही म्हणजे व्हेज असं इथे अजिबात समजू नका. सगळ्यात डेंजर श्माल्झब्रोट. जाड ब्रेडवर पांढरं काहीतरी फासलेलं, वर तळलेला कांदा, दिसायला हुबेहूब लोणी लावलेला पाव, पण ती डुकराची चरबी असते. साउअरक्राउट म्हणजे आंबवलेला कोबी, तोही बरेचदा चरबीत किंवा बेकनबरोबर शिजवतात. फ्लामकूखनवर (पातळ पिझ्झासारखा प्रकार) बेकन न सांगता असतंच. मसुराच्या सूपमध्ये सॉसेज. तेव्हा "ओने श्पेक, ओने श्माल्झ, बिट्टे" (बेकन नको, चरबी नको, प्लीज) एवढं पाठ करून जा आणि हसत विचारा, कोणी चिडत नाही. चीज-मशरूम भरलेला गरम पाव मिळतो तो चांगला, फक्त हॅमवाला त्याच्याच शेजारी ठेवलेला असतो म्हणून बोट दाखवून मागू नका, नाव घेऊन मागा. लसूण लावलेली लांगोश (जवळजवळ आपला भटुरा), केझश्पेट्सल (चीज घातलेले नूडल्स), यावर दिवस निघतो. डबा नेणार असाल तर काकडी-आंबा घरूनच कापून न्या, सुरी नको. 2024 च्या ऑक्टोबरपासून जर्मनीत अशा सार्वजनिक मेळ्यांत चाकू-सुरी जवळ बाळगायलाच बंदी आहे.

यावरून आठवलं, मावळ्याचा ड्रेस घालून जायची हौस असेल तर जरूर घाला, फेटा बघून लोक येऊन विचारतात. पण कमरेला तलवार नको, बोथट, शोभेची कसलीही नको. तंबू ठोकून जुना काळ जगून दाखवणाऱ्या छावणीतल्या लोकांची गोष्ट वेगळी, ते फेस्टचाच भाग असतात. नुसता साधा सुती कुर्ता आणि वर चामड्याचा पट्टा बांधला तरी त्या गर्दीत खपून जातं, भाड्याच्या चकचकीत पॉलिएस्टर ड्रेसपेक्षा तर कितीतरी बरं, कारण त्यात घाम फार येतो आणि आगीचे खेळ चालू असताना एक ठिणगी पडली की कापड वितळून अंगाला चिकटतं.

छावणीत वागायचं कसं, तर कोणाच्या घरात वागाल तसं. दोरी लावलेली असेल तर ती ओलांडायची नाही. तंबूत लोक खरोखर झोपतात, जेवतात. आणि पॉलिश केलेल्या शिरस्त्राणावर हात फिरवू नका, घामाच्या बोटांचे ठसे पडतात आणि ओलसर रात्र गेली की नेमके तिथेच गंजाचे डाग उमटतात, मग तो बिचारा तेल-फडकं घेऊन घासत बसतो. विचारलंत तर बहुतेक जण स्वतःहून डोक्यावर घालून बघायला देतात. साखळ्यांचा अंगरखा हातात घेऊन बघाच, दहा किलोच्या आसपास भरतो, आणि सगळं वजन खांद्यावर येतं म्हणून घालणारे कमरेला पट्टा आवळतात, म्हणजे थोडा भार कमरेवर जातो. पूर्ण पत्र्याचं चिलखत वीस-पंचवीस किलोचं, पण ते अंगभर वाटलेलं असतं म्हणून उलट त्यात हालचाल सोपी पडते असं घालणारेच सांगतात. लहान मुलांचे फोटो मात्र आई-बापाला विचारल्याशिवाय काढू नका, इथे लोकांना ते खरंच खटकतं.

काही बिघडलंच तर. चुकामूक झाली तर फोनच्या भरवशावर राहू नका, गर्दीत नेटवर्क रडतं, आधीच ठरवा की मुख्य चौकाच्या पुलाच्या अलीकडे भेटायचं (पुलावर नाही, तिथे उभं राहू देत नाहीत कोणी). मुलाच्या मनगटावर पेनने फोन नंबर लिहा. तोफेच्या आणि बॅगपाइपच्या आवाजाला लहान मुलं घाबरतात, कानावर लावायचे मफ न्या. लाकडी तलवार पोरगं पहिल्याच स्टॉलवर मागणार, शेवटी घेऊ म्हणून सांगून बघा, जमलं तर मला पण कळवा कसं जमवलं ते. दुपारी ढग भरून आले तर तिथलं वादळ पटकन येतं, छत्री दारातल्या गर्दीत नुसती लोकांच्या डोळ्यात जाते, पातळ रेनकोट बरा.

आणि परतीची ट्रेन सकाळीच बघून ठेवा, हे कोणी करत नाही. म्युनिकला जायचं तर म्युलडोर्फला गाडी बदलावी लागते, एक चुकली तर पुढची लगेच नसते, आणि रात्रीचा आगीचा शो बघत बसलात तर शेवटची गाडी जाऊ शकते. जर्मनी-तिकीट (लोकल आणि रीजनल गाड्यांचा महिन्याचा पास) चालतं. बायर्न-तिकीट (राज्यभर चालणारं एका दिवसाचं तिकीट) काढणार असाल तर शुक्रवारी ते सकाळी नऊनंतरच लागू होतं, शनिवार-रविवारी ही अट नाही. वीकेंडला रुळांचं काम निघालं की ट्रेनऐवजी बस लावतात आणि त्याला बराच जास्त वेळ लागतो, तेव्हा निघायच्या आदल्या रात्री ॲपमध्ये परत एकदा बघा. रात्रीचा शो बघायचाच असेल तर खाली गावात राहायची खोली लवकर बुक करा, जून उजाडेपर्यंत थांबलात तर पलीकडे ऑस्ट्रियात शोधावी लागेल, तीही वाईट नाही, नदीवरचा पूल पायी ओलांडता येतो.