नाताळची भेट ऑनलाइन घेताना

वसईतल्या किंवा गोव्यातल्या घरी नाताळची भेट ऑनलाइन पाठवणार असाल, तर किमतीआधी परतीची मुदत वाचा. बहुतेक साइटवर ती पार्सल पोचल्या दिवसापासून मोजतात, भेट उघडल्यापासून नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला मागवलेला फ्रॉक 25 तारखेला तोकडा निघाला, तर बदलून मिळेलच असं नाही. म्हणून कपडे, बूट आल्या आल्या उघडून माप बघायला सांगा, मगच ते कागदात गुंडाळू देत. उघडतानाचा व्हिडिओ काढलेला बरा. फुटक्या वस्तूची तक्रार करताना तो फार उपयोगी पडतो. अनोळखी साइटवर आगाऊ पैसे भरूच नका. फसवणूक झालीच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. नेवऱ्या आणि कुलकुल हा नाताळचा फराळ मात्र गावातल्या ओळखीच्या बाईंकडूनच घ्या.