टोपणनावाच्या चर्चागटांत मुलं असतील तर पालकांनी काय करावं?

रेडिट, डिस्कॉर्ड, टेलिग्राम अशा ऑनलाइन चर्चागटांत खरं नाव दिलं नाही म्हणजे आपल्याला कोणी ओळखणार नाही, असं पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना वाटतं. पण शहादा, चोपडा अशा खानदेशातल्या गावांत अकरावी सायन्सचे वर्ग मोजकेच. एका पोस्टमध्ये क्लासची वेळ, दुसरीत ‘मन्हा-तुन्हा’ अशी अहिराणी, तिसरीत श्रावणातल्या रविवारी घरी बसवलेल्या कानबाई देवीचा फोटो. एवढ्यावरून चिकाटीचा माणूस तालुका शोधतो, मग घरही. समोरचा मात्र अनोळखीच राहतो.

आधी मुलासोबत बसून जुन्या पोस्ट सलग वाचा. चोरून फोन तपासू नका. मूल दुसरं खातं काढेल आणि ते तुम्हाला कधीच कळणार नाही. गाव, शाळा, जन्मसाल, रोजच्या बसची वेळ, गणवेश दिसणारा फोटो, जे जे ओळख सांगतं ते पुसा. टोपणनाव इन्स्टाग्रामवरच्या नावासारखंच असेल तर नवं खातं काढा. रेडिटवर मात्र क्रम सांभाळा: आधी पोस्ट पुसा, नंतर खातं बंद करा. नुसतं खातं बंद केलं तर नाव जातं, लिहिलेलं तिथेच राहतं.

मग सेटिंग्ज. डिस्कॉर्डवर सर्व्हरमधल्या (म्हणजे तिथल्या गटातल्या) अनोळखी सदस्यांचे थेट मेसेज बंद करा. टेलिग्रामवर फोन नंबर कोणालाही दिसू नये असं ठेवा, आणि ग्रुपमध्ये जोडण्याची मुभा फक्त ओळखीच्यांना द्या. कॅमेऱ्याचं लोकेशनही बंद करा. रेडिट आणि डिस्कॉर्ड दोन्हींसाठी किमान वय १३ आहे. धाकटं भावंड त्याच फोनवर बसत असेल तर तेही बघा.

धोका बहुधा एकाच वाटेने येतो आणि ती वाट मुलांना आधीच माहीत हवी. आधी कौतुक, मग वयाची चौकशी, मग ‘इथे नको, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू’, एखादा रिचार्ज किंवा गेममधली भेट, ‘घरी सांगू नकोस’, आणि शेवटी नग्न फोटोची मागणी. गुपित ठेवायला सांगितलं की तिथेच थांबायचं. ‘तू येऊन सांगितलंस तर फोन काढून घेणार नाही’ हा शब्द मुलाला आधीच द्या आणि पाळा. फोन जाईल या भीतीनेच मुलं गप्प राहतात आणि धमकावणाऱ्याचं फावतं.

फोटो पसरवण्याची धमकी आलीच तर पैसे देऊ नका; एकदा दिले की मागणी वाढते. चॅट पुसू नका. टोपणनाव, खात्याची लिंक, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, त्यानंतर ब्लॉक करा. मुलाचा तसला फोटो काका-मामांना ‘दाखवायला’ पाठवू नका. तो पसरवणं आयटी कायद्याच्या कलम ६७बी खाली गुन्हा आहे.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते, पण तिचं पुढे काय झालं हे बघायचं असेल तर मोबाइल नंबर देऊनच नोंदवा. मूल जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला.

गावात बोभाटा होईल म्हणून तक्रार टाळू नका. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पॉक्सो कायद्यानुसार जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हवा तिथे घेता येतो, पोलीस अधिकारी गणवेशात नसतात, आणि मुलाचं नाव प्रसिद्ध करायला बंदी आहे.