हिरा न फोडता सेल कसा भरायचा

आमच्या काटोलजवळ २२ मे २०१२ ला अशनी पडला होता, त्यात पुढे ब्रिजमनाइट सापडलं. जमिनीखाली ६६० किलोमीटरच्या पलीकडे सगळ्यात जास्त असणारं खनिज हेच. बाबा म्हणतात, "मग तिथूनच आण की!" पण अशनीतले कण फार बारीक, मोजमापाला पुरत नाहीत. म्हणून मी ते दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये दाबून, लेझरने तापवून बनवते. हिरे आणि स्क्रू बसवलेल्या या छोट्या उपकरणाला सेल म्हणतात. पीएचडीला नव्याने आलेल्यांना सांगते तेच इथे लिहितेय.

आधी हिरे समांतर करा. टोकं हलकेच टेकवली की मायक्रोस्कोपखाली रंगीत पट्टे दिसतात, पाण्यावर सांडलेल्या पेट्रोलसारखे. पट्टे दिसतायत म्हणजे हिरा तिरका आहे. एकच सपाट रंग उरेपर्यंत स्क्रू फिरवत राहा. दुपार गेली तरी जाऊ द्या.

मग रेनियम या धातूची चकती. २५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीची चकती हिऱ्यांमध्येच दाबून ४० पर्यंत आणा आणि बरोबर मध्यावर भोक पाडा. माझ्या हिऱ्याचं टोक ३०० मायक्रॉन, भोक १२०. भोक बाजूला गेलं तर चकती फेकून द्या, जीव अडकवू नका.

भोकात खाली मीठ, मध्ये नमुना, वर पुन्हा मीठ. नमुना म्हणजे एन्स्टॅटाइट, ज्याचं पुढे ब्रिजमनाइट होतं ते खनिज. मीठ म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. ते नसेल तर हिरा सगळी उष्णता ओढून घेतो आणि नमुना तापतच नाही. मीठ रात्रभर ओव्हनमध्ये १२० अंशांवर वाळवा. मी एकदा घाईत तसंच भरलं आणि एक्स-रेमध्ये दिसलेल्या अनोळखी रेषांमागे तीन आठवडे घालवले. आणखी एक: शुद्ध एन्स्टॅटाइट पारदर्शक असतं, लेझर आरपार निघून जातो. चिमूटभर प्लॅटिनमची पूड मिसळा. नमुना सुईच्या टोकावर उचलताना श्वास रोखून धरा. शिंक आली तर पुन्हा पहिल्यापासून.

माणकाचा एक कण कडेला ठेवायला विसरू नका. दाब त्यावरूनच मोजतात: त्याच्या चमकेची तरंगलांबी ६९४.२ नॅनोमीटरवरून ७०३ च्या आसपास सरकली की २५ गिगापास्कल झाले, म्हणजे हवेच्या दाबाच्या अडीच लाख पट.

दाब वाढवताना स्क्रू समोरासमोरचे फिरवा, थोडे थोडे. चारपैकी दोन स्क्रूंचे आटे उजवे, दोघांचे डावे, हे लक्षात ठेवा. प्रत्येक वेळी भोक बघा. ते आक्रसलं तर ठीक. रुंदावायला किंवा कडेकडे सरकायला लागलं तर तिथेच थांबा, दाब काढा. "अजून दोनच" म्हणत मी एकदा स्क्रू फिरवला आणि टक् असा आवाज आला. बाहेर आला तो नुसता पांढरा चुरा.

भरलेला सेल रात्रभर तसाच ठेवा. दाब आपोआप थोडा बदलतो. सकाळी माणिक पुन्हा मोजा, मगच लेझर लावा.