लिलावाची रक्कम खात्यात आल्यावर काय करावे

2014 मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि कोकणातल्या मातीच्या मैदानांवर घडलेल्या खेळाडूंनाही संघांच्या लिलावातून लाखांच्या करारांची वाट मोकळी झाली. पण मोठी कमाई टिकतेच असे नाही. मुष्टियोद्धा माईक टायसनने कारकिर्दीत 30 कोटी डॉलरहून अधिक कमावले, तरी 2003 मध्ये त्याने दिवाळखोरी जाहीर केली. त्याची उधळपट्टी वाघ पाळण्यापर्यंत गेली होती. आपल्याकडचा खेळाडू मात्र वाघांपायी बुडत नाही. सर्वांत चांगल्या वर्षाची मिळकत धरून तो कायमचे खर्च अंगावर घेतो आणि ती मिळकत पुढच्या लिलावापर्यंत किंवा गुडघ्याला दुखापत होईपर्यंतच टिकणारी असते, हे खरे दुखणे आहे.

म्हणून आधी कर बाजूला काढावा. समजा, 40 लाखांच्या करारावर 10 टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्यानेच आधी कापलेला कर, वजा होऊन 36 लाख हाती आले, तर घरात ते सगळेच आपले वाटतात. 2025-26 च्या नव्या कररचनेत, कोणतीही वजावट न धरता, 40 लाखांच्या उत्पन्नावर उपकरासह सुमारे 8 लाख 11 हजार रुपये कर होतो. म्हणजे चार लाखांहून अधिक भरणे बाकीच असते. ही रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून आगाऊ कराचे हप्ते 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्चपर्यंत भरावेत. उरलेल्यातून स्वतःला दरमहा ठरावीक पगार द्यावा आणि तो ठरवताना पुढच्या वर्षी करार मिळणार नाही असेच धरावे. क्रीडा कोट्यातून रेल्वेत किंवा पोलिसांत नोकरी असेल, तर लिलावाचा आकडा पाहून ती सोडू नये.

कोकणात पैसा अडकतो तो जमिनीत. गुहागरला होमस्टे बांध, देवगडला कलमांची बाग घे, असे सल्ले गावात फुकट मिळतात. विसार देण्यापूर्वी सातबारा स्वतः वाचावा, कारण त्यावर पणजोबांपासूनच्या सामाईक खातेदारांची नावे असतात, त्यांतले निम्मे मुंबईला असतात, काही हयातही नसतात, आणि विकायला निघालेला असतो तो एकच भाऊ. अशा वेळी सर्व हिस्सेदारांच्या सह्या झाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. जुने फेरफार, म्हणजे मालकीतल्या बदलांच्या नोंदी, काढून वकिलाकडून 30 वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो, हेही पाहावे. किनाऱ्यालगत सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांखालची, परवानगी मिळेल की नाही, हे बांधकामाचा नकाशा काढण्याआधी विचारावे. बाग घेतलीच, तर मोहोर गळाला तरी फवारणी आणि राखणीचा खर्च चुकत नाही, हे हिशेबात धरावे.

जामीनकीचा प्रश्न सर्वांत नाजूक. चुलत्याने बोटीसाठी कर्ज काढले की जामीनदार म्हणून घरातला नामांकित खेळाडूच आठवतो. 1872 च्या करार कायद्यानुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. अशा वेळी ‘काका, सही जमणार नाही, पण हे वीस हजार ठेवा, परत नकोत’ असे सांगून मोकळे व्हावे. नाराजी येते, पण ती गणपतीपर्यंत ओसरते. जादा व्याजासाठी सगळी रक्कम पतसंस्थेतही ठेवू नये, कारण बँकेतल्या ठेवींना असलेले 5 लाखांपर्यंतचे विमा संरक्षण तिथे मिळत नाही.

सल्लागार नेमताना त्याची सेबीकडची, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेकडची, नोंदणी सेबीच्या संकेतस्थळावर तपासावी. बास्केटबॉलपटू टिम डंकनला त्याच्याच आर्थिक सल्लागाराने फसवले आणि 2017 मध्ये त्या सल्लागाराला तुरुंगवास झाला. कोऱ्या धनादेशावर सही करून ठेवू नये, मग तो सांभाळणारा मॅनेजर असो वा थोरला भाऊ. हंगामात महिनोन्‌महिने बाहेर राहावे लागते, तेव्हा घरखर्चाचे खाते निराळे ठेवून व्यवहाराचा अधिकार घरच्यांना तेवढ्याच खात्यावर द्यावा.